कौतिका म्हणे

पाऊस सरत आला की पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, फुलं धरतात आणि आमच्या गल्लीत भुलाबाई बसते. दोन्ही एकाच सुमाराला. भाद्रपदाच्या पौर्णिमेला पोरी कुंभाराकडून मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोबा आणतात, कोनाड्यात मांडतात, आणि तिथून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज दिवेलागणीला घरोघर गाणी म्हणत फिरतात. मला हा महिना लहानपणापासून आवडायचा. ज्वारी निसवायला लागलेली असते. सकाळी शेतात जाताना धुऱ्यावरच्या, बांधावरच्या गवतानं लुगड्याचा काठ ओला होतो, आणि दुपारपर्यंत तो वाळून कडक होतो. आता तीन वर्षं झाली, हा महिना जवळ आला की मला कुठेतरी आत जाऊन बसावंसं वाटतं.

परवा पोरी आमच्याच ओसरीवर गात होत्या. माझी कमल त्यांच्यात होती. गाण्याच्या शेवटच्या ओळीत एक नाव आलं आणि माझा हात परातीतल्या पिठात तसाच राहिला. ते नाव मीच वहीत लिहिलेलं आहे. वहीतून ते पोरींच्या तोंडी गेलं. आणि ते चुकीचं आहे.

म्हणून आज दुपारी, घरात कोणी नसताना, लिहायला बसले. चौथीपर्यंत शिकले, मोठं लिहायची सवय नाही. बोलायची तर त्याहून नाही. चार बायांत मला कोणी काही विचारलं तर माझं उत्तर घरी आल्यावर सुचतं. पण जी चूक लिहिण्यात झाली ती लिहून तरी सांगता येईल असं वाटतं. कोणाला दाखवायचं नाही.

गाणी कौतिकाची. कौतिका माझी नणंद. पण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सगळे तिला माझा दीर म्हणत. मुलगा म्हणून तिचं बारसं झालं होतं, मुलाचं नाव ठेवलं होतं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. मला माहीत आहे, गावाला माहीत आहे, तेवढं पुरे.

मी तेव्हा तिला भाऊजी म्हणत असे. ती मला वयनी म्हणे, आणि शेवटपर्यंत वयनीच म्हणाली. माझ्यासाठी तिला शब्द बदलावा लागला नाही. मलाच बदलायचा होता, आणि तो मलाच जड गेला.

ती तेव्हा नऊ वर्षांची असेल. घरात सासू नव्हती. मामाजी म्हणजे सासरे, आमचे हे, ही नऊ वर्षांची, आणि आर्वीकडून आलेली मी. भुलाबाईच्या खेळात पोरांनी यायचं नाही ही रीत. पोरी ओसरीवर फेर धरायच्या आणि ही हळूच जवळ जाऊन उभी राहायची. मग एखादी मोठी पोरगी ओरडायची, "ए पोट्ट्या, भाग इथून! भुलाबाईत पोट्टे नाई राहत!" ही पळून घरात यायची आणि दाराआड उभी राहायची. मी चुलीपाशी असायची. मला तिथून तिची पाठ दिसे. ती प्रत्येक गाणं ओठांतल्या ओठांत म्हणे. आवाज अजिबात नाही. मानेची एक शीर तेवढी हलायची.

गाणी झाली की खाऊ. ज्या घरी गाणी, त्या घरच्या बाईनं बंद डब्यात खाऊ आणायचा, पोरींनी डबा हलवून वाजवून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर घरवालीची फजिती. पहिल्याच वर्षी ही माझ्या कानाशी आली. "वयनी, डब्यात आधी कापूस घाला. मंग लाडू. मंग वरतून कापूस. वाजलाच नाई पाह्यजे." मी तसं केलं. जवसाचे लाडू होते. पोरींनी डबा हलवला, कानाला लावला, उलटा केला. काही नाही.

"काय वं वयनी, रिकामाच आणला का डबा?"

"सासू तं नाई घरात, मंग कुलूप कोनं लावलं वं?"

सगळ्या हसल्या. मी लाजून खाली बघत होते, आणि दाराआड ही तोंडात सदरा कोंबून हसत होती. फुटाणे, बत्तासे, कोहळ्याच्या वड्या, सगळी नावं घेऊन झाली, जवस कोणाच्या ध्यानात आला नाही. त्या वर्षीपासून आमच्या घरचा खाऊ कोणालाच ओळखता येत नाही असं गावात झालं. युक्ती कोणाची, ते मी कधी सांगितलं नाही. तेव्हाही नाही.

पुढे ती स्वतः गाणी करायला लागली. शाळा तिनं दुसरीतच सोडली होती; पोरं तिच्या चालण्याची नक्कल काढत, मास्तर हसत. लिहिणं तिला नकोसं झालं होतं. म्हणून लिहायचं मी. माहेरून आणलेली माझी चौथीची गणिताची वही होती, तिची मागची पानं कोरी होती. दुपारी मी टाक आणि दौत घेऊन बसायची, ती सरकी निवडत सांगायची. पहिली चार गाणी त्या वहीत आहेत. मग दुसरी वही घेतली आणि ती चारही तिच्यात उतरवली. सव्वीस गाणी झाली.

भुलाबाईची गाणी खरं तर कोणाची नसतात. आईकडून मुलीकडे येतात. पण देवळात भजन व्हायचं, भजनाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव असतं हे तिनं ऐकलं होतं. तिनं ती रीत पोरींच्या गाण्यात आणली. तिला नाव हवं होतं. पण गंमत अशी की नावाची जागा आली की ती थांबायची. बाकी ओळी भराभर सांगायची, आणि तिथं आली की खिडकीबाहेर बघून म्हणायची, "तिथलं तुमीच लिहा, वयनी." आणि मी घरातलं नाव लिहून टाकत असे. मला वाटायचं, लाजते. दुसरं कोणतं नाव लिहिणार होते मी?

आता ते आठवलं की टाक धरलेला माझाच हात मला दिसतो. तिनं सव्वीस वेळा जागा रिकामी ठेवली होती, आणि सव्वीस वेळा ती मी भरली.

पोरी वही बघून गाणी पाठ करायच्या. त्यातलं एक गाणं त्यांना फार आवडायचं. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. आम्ही जन्मभर ते बघतो, बोलत कोणी नाही. तिनं त्याचं गाणं केलं:

कपाशीच्या फुला गं, कोनं रंगवलं तुले?
काल होतं पिवळं, आज गुलाबी खुले.
माय म्हणे पिवळं, बाप म्हणे पिवळं,
फुलाले तं कोनी गं, नाईच इचारलं.

आणि शेवटी नावाची ओळ. पोरी त्या ओळीला खिदळत, कारण त्यांच्या गाण्यात पोराचं नाव यायचं. आणि ती दाराआडून आत निघून जायची. बाकीचं गाणं ऐकायची, ती ओळ ऐकायची नाही.

सतरा-अठराची झाली तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी निघाली. मुलगी बघायला जायच्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती. मामाजींनी विहिरी शोधल्या. पुढे कळलं की वर्ध्याला आहे, तिच्यासारख्याच चौघीजणींच्या घरी. मग सिंदीच्या बाजारात कापसाच्या गाड्या घेऊन गेलेल्या लोकांनी तिला हिरव्या लुगड्यात पाहिलं, आणि ते सांगताना माणसं पोट धरून हसली. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. त्यानंतर दोन वर्षं जगले, पण घरात तिचा विषय निघू दिला नाही. ना जुन्या नावानं, ना कोणत्या.

मग ते तीन वर्षांपूर्वीचं साल. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि पऱ्हाटी कमरेपर्यंत आली होती. भुलाबाई बसून आठ दिवस झाले असतील. मी एकटीच शेतात तण निंदत होते. धुऱ्यावरून आवाज आला, "वयनी, ओळखलं का?"

मी वर पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. गडीमाणूस समोर आलं की ओढतो तसा. हाताला सवय, दुसरं काही नाही. पण तिनं ते पाहिलं.

"आता गं माय! नणंदेसमोर कोनी एवढा पदर घेते का?" म्हणाली आणि हसली. मीही हसले. मग आम्ही दोघी बांधावर बसलो. ती वाळली होती, पण लुगडं नीट नेसली होती, माझ्यापेक्षा नीट. कपाळाला मोठं कुंकू. माझ्या हातातलं खुरपं घेऊन ती बोलता बोलता भोवतालचं गवत काढत होती.

"आता मी कौतिका आहो," ती म्हणाली.

"हे नाव कुठून काढलं वं?"

"लहानपणी माहं कौतुक कोनं केलं? मंग म्हटलं, आपणच करून घ्याव." मग खुरपं थांबवून म्हणाली, "तुमी केलं थोडंसं. जवसाचे लाडू देऊन."

मग तिनं विचारलं, "वही आहे का अजून?"

"आहे नं. पोरी अजून तुहेच गाणे म्हणते."

"मंग एक काम करा. शेवटच्या ओळीत माहं नाव घाला."

मी म्हटलं, "नवे गाणे करशीन त्यात घालीन नं. जुने राहू दे तसेच. ते तवाचे आहेत. तवा तुहं नाव तेच होतं."

मला ते बरोबर वाटलं होतं. अजूनही कोणाला सांगितलं तर बरोबरच वाटेल. ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही.

"तवा गाणे कोनं केले, वयनी? त्यानं? तो तं दाराआड उभा राहे, तोंड बंद. आतून मीच म्हणून राह्यली होती. तवाचे असो का आताचे, केले मीच नं?"

तिनं पुन्हा खुरपं चालवलं.

"माह्या लुगड्याले लोकं हसते. हसू दे. लुगडं उद्या फाटन. गाणं नाई फाटत. ह्या पोरी म्हणतीन, मंग त्याईच्या पोरी म्हणतीन. अन् त्यात मी कुठंच नसन. तोच राहीन."

"लिहीन," मी म्हटलं. "आजच लिहीन."

तिनं एक पिवळं फूल तोडलं, वहीत ठेवा म्हणाली, आणि पांदणीच्या वाटेनं निघून गेली.

मी त्या दिवशी लिहिलं नाही. वही काढली, फूल पानात ठेवलं, दौतीचं बूच काढलं. मग वाटलं, खोडलं तर पान घाण होईल. ह्यांनी विचारलं तर काय सांगू? दुसऱ्या दिवशी वाटलं, उद्या. शाईला काही झालं नव्हतं. माझ्याच हाताला झालं होतं. भीती म्हणावी इतकी ती मोठी नव्हती. फक्त कोणी काही विचारू नये एवढंच मला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी मी तिचं सगळं थांबवून ठेवलं.

आठवड्यानं शाळेतले मास्तर घरी आले. नवे होते, बाहेरगावचे, चांगले गृहस्थ. त्यांना गावची गाणी उतरवून शाळेत ठेवायची होती. पोरींनी त्यांना सांगितलं होतं की गाणी आमच्या घरच्या वहीत आहेत. ह्यांनी कोनाड्यातून वही काढून दिली. मी दाराआड उभी होते. "थांबा, त्यात एक चूक आहे," एवढे पाच शब्द होते. ते माझ्या ओठांपर्यंत आले. मास्तरांनी वही उघडली, फूल खाली पडलं. एव्हाना ते गुलाबी होऊन वाळलं होतं. त्यांनी ते उचलून परत नीट पानात ठेवलं आणि वही घेऊन गेले.

कोजागिरीच्या दिवशी, ऊन कलल्यावर, शाळेच्या आवारात भुलाबाईची गाणी ठेवली होती. ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव केला होता, त्याखाली मातीची भुलाबाई. सारं गाव होतं. बाया एका अंगाला, गडीमाणसं एका अंगाला. पोरी गायल्या. मी कमलकडे बघत होते. ती तेव्हा सात वर्षांची, फेरात सारखी चुकत होती. तेवढ्यात बायांच्या कडेला कुजबुज झाली आणि बाया सरकल्या. कौतिका येऊन उभी होती. हिरवं लुगडं, हातात झाकणाचा डबा. कोणी तिला बस म्हटलं नाही. ती कडुनिंबाला टेकून उभी राहिली आणि ऐकत होती. पहिल्यांदा उघड्यावर उभी राहून, दाराआडून नाही.

मग मास्तर उठले. त्यांच्या हातात नारळ होता. त्यांनी गाण्यांचं पुष्कळ कौतुक केलं, आणि म्हणाले की ही गाणी रचणारे याच गावचे आहेत असं वहीवरून कळतं. त्यांनी श्रीयुत लावून ते नाव घेतलं. हजर असतील तर पुढे यावं, म्हणाले.

साऱ्यांच्या माना एकदम कडुनिंबाकडे वळल्या. गडीमाणसांतून कोणी तरी ओरडलं, "जा नं बे! तुलेच बोलावून राह्यले. लुगडं सावर अन् जा!" मोठं हसू उठलं. मास्तरांना काही कळेना. ते नारळ धरून तसेच उभे.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मास्तरांकडे नाही, हसणाऱ्यांकडे नाही. मी एकटीनं उठून म्हटलं असतं, गाणी कौतिकाची आहेत, माझी नणंद आहे, तर? लोक हसले असते, थोडे माझ्यावरही. तेवढंच झालं असतं. मी मान खाली घातली आणि कमलच्या झग्याची नाडी बांधू लागले. ती बांधलेलीच होती.

वर पाहिलं तेव्हा झाडाखाली डबा होता. ती नव्हती. ह्यांनी पुढे होऊन भावाच्या वतीनं नारळ घेतला.

डबा मी घरी आणला. उघडायच्या आधी हलवून पाहिला. वाजला नाही. आत कापूस, आणि कापसात जवसाचे लाडू.

ती परत आली नाही. मार्गशीर्षात, वेचणी भरात असताना, वर्ध्याहून त्या घरातली एक बाई एसटीनं आली. वेचणाऱ्या बाया हातातलं काम सोडून बघत राहिल्या. ती शेतात माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "कौतिका गेली, बहीन. ताप डोक्यात गेलता." मग म्हणाली, "तापात गाणं म्हणे. शेवटच्या ओळीपाशी थांबे." एवढं सांगून ती चालू लागली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. माझ्या ओटीत कापूस होता आणि मी तो दोन्ही हातांनी धरून उभी होते.

ह्यांना सांगितलं. ते विहिरीच्या काठावर बराच वेळ बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी मलेही दिसली होती ती. नारळ म्या काऊन घेतला, सांग बरं." तो नारळ कोणी फोडला नाही. देवाजवळच्या फळीवर आहे. आतून पार सुकला. हलवला की आतला गोटा खुडखुड वाजतो.

माणसं म्हणतात, जे होतं ते होतं, मागचं नाव खोडून मागचा काळ बदलतो का? मीही तसंच म्हणत होते. पण मागचा काळ मी पाहिला आहे. मी चुलीपाशी होते, मला पाठ दिसत होती. दाराआड उभं राहून ओठ हलवणारी ती नऊ वर्षांची पोर कौतिकाच होती. नाव तिला पुढे सापडलं, पण होती तीच. वहीत लिहिलेला माणूस त्या घरात कधी नव्हताच. खोटं आधी लिहिलं गेलं, आणि आधीचं म्हणून ते खरं धरलं गेलं.

या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा आर्वीहून एक नवी वही आणली. जुनी वही मास्तरांनी केव्हाच परत पाठवली होती, फुलासकट. नागपंचमीपासून रोज दुपारी एक-एक गाणं उतरवत होते. खोडायचं काही नाही, नवंच लिहायचं. पहिल्या गाण्याच्या शेवटी तिचं नाव लिहिताना शाईचा थेंब पडला. तो तसाच राहू दिला. सव्वीस गाणी झाली. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: ही सर्व गाणी कौतिका हिनं केली आहेत. त्याखाली माझं नाव लिहिलं नाही.

पण वही पेटीत ठेवून काय होतं? परवा पोरी ओसरीवर जुनंच गात होत्या. काल दुपारी मी कमलला जवळ बसवलं, वही उघडली आणि फुलाचं गाणं काढून दिलं. "वाच," म्हटलं. तिनं वाचलं. शेवटच्या ओळीशी थांबली.

"आई, हे तं येगळंच लिहिलं. कौतिका कोन?"

"तुही आत्या."

"मले आत्या आहे?"

"होती."

ती म्हणाली, "मंग मले आतालोक काऊन नाई सांगतलं?"

याचं उत्तर नेहमीसारखं घरी आल्यावर सुचेल म्हणावं, तर घरीच होते.

संध्याकाळी पोरी जमल्या. डब्यात मी खाली कापूस घातला, लाडू ठेवले, वरून कापूस घातला. मग दाराआड जाऊन उभी राहिले, ती उभी राहायची तिथंच. तिथं उभं राहिलं की ओसरी दिसते, पण आपण कोणाला दिसत नाही, हे मला काल नीट कळलं. गाणं सुरू झालं. शेवटच्या ओळीला पोरींनी सवयीनं जुनं नाव घेतलं आणि एकटी कमल मोठ्यानं दुसरं म्हणाली. फेर थांबला.

"काय म्हणून राह्यली वं कमले? कोन कौतिका?"

"माही आत्या," कमल म्हणाली. "हे गाणं तिचं आहे. तुमी चुकीचं म्हणता."

"हट! तुले कोनं सांगतलं?"

माझ्या हातात डबा होता. मी दार लोटलं आणि बाहेर आले. "म्या सांगतलं," म्हटलं. आवाज लहानच होता, पण पोरींनी ऐकलं असावं, कारण त्यांनी पुन्हा फेर धरला आणि शेवटची ओळ म्हटली:

कौतिका म्हणे बायांनो, घाई नका करू,
बोंड आपसूक फुटन, मंग ओटी भरू.